हौशी खेळाडूचा स्विंग आणि गोल्फ क्लबची निवड : एक विवेचन

गोषवारा

गोल्फ या खेळात चेंडूला फटका मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास 'क्लब' असे म्हणतात. हौशी खेळाडू नवा क्लब घेताना बहुधा नाव, किंमत किंवा एखाद्या नामवंत खेळाडूची पसंती पाहतो. आपल्या शरीराची ठेवण व आपल्या फटक्याची गती मात्र पाहत नाही. प्रस्तुत लेखात क्लबची रचना, क्लब व चेंडू यांच्या टकरीमागील भौतिकशास्त्र आणि खेळाडूच्या स्विंगशी क्लब जुळविण्याचे निकष यांचे विवेचन केले आहे. साधन व खेळाडू यांच्यातील या अनुरूपतेचा महाविद्यालयीन क्रीडाशिक्षणाशी असलेला संबंधही शेवटी तपासला आहे.

बीजसंज्ञा : गोल्फ, स्विंग, शाफ्ट, लॉफ्ट, लाय, अनुरूपता, क्रीडासाहित्य, हौशी खेळाडू.

१. प्रस्तावना

शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवावयाचा असेल तर सुतार प्रथम दांडा कोणासाठी हवा ते विचारतो. उंच माणसाचा दांडा लांब, ठेंगण्याचा आखूड. ज्याचा पंजा लहान त्याची मूठ बारीक. खुरपे, विळा, टिकाव या प्रत्येक अवजाराच्या बाबतीत हाच नियम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. अवजार माणसाला बसले पाहिजे, माणसाने अवजाराला बसावयाचे नसते, हे शहाणपण त्यामागे आहे. क्रीडासाहित्याच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण सहज विसरतो.

देवगाव फाट्यासारख्या चौरस्त्यावरील गावात बसून गोल्फवर लेख लिहिणे काहींना विसंगत वाटेल. येथे गोल्फचे मैदान नाही, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी हा खेळ केवळ दूरचित्रवाणीवर पाहिलेला आहे. तरीही हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, साधन आणि खेळाडूची हालचाल यांचा मेळ घालण्याचा विचार गोल्फमध्ये फार बारकाईने झालेला आहे. त्यामुळे ते तत्त्व समजून घेण्यासाठी गोल्फसारखे उदाहरण नाही. दुसरे कारण वैयक्तिक आहे. न जुळणाऱ्या साधनामुळे खेळाडूविषयी किती चुकीचे मत बनू शकते याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. त्याचा उल्लेख पुढे यथास्थळी केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) गोल्फ क्लबच्या रचनेची ओळख करून देणे.
२) क्लब व चेंडू यांच्या टकरीमागील तत्त्वे स्पष्ट करणे.
३) हौशी खेळाडूच्या स्विंगला अनुरूप क्लब निवडण्याचे निकष मांडणे.
४) या तत्त्वाची महाविद्यालयीन क्रीडाशिक्षणातील उपयुक्तता तपासणे.

३. पार्श्वभूमी

भारतात गोल्फची परंपरा जुनी आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. महाराष्ट्रात मुंबईतील चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. पुण्यात येरवडा येथे पुणे गोल्फ क्लबचे मैदान आहे. नवी मुंबईत सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स ही अलीकडची भर होय. ब्रिटिश अमदानीत हा खेळ छावण्या आणि जिमखाने यांच्या आश्रयाने वाढला, त्यामुळे तो साहेबांचा व श्रीमंतांचा खेळ अशी त्याची प्रतिमा झाली.

ही प्रतिमा पूर्णतः खरी नाही. खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी मुलांमधूनही उत्तम खेळाडू घडले आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. पुढे १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. १९०४ नंतर ऑलिंपिकमधून वगळला गेलेला गोल्फ २०१६ साली रिओ येथे परतला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच स्पर्धेत पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरीही खेळले आणि महिला गटात अदिती अशोक यांनी चौथे स्थान मिळविले.

४. क्लबची रचना व प्रकार

नियमानुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. लांब पल्ल्यासाठी ड्रायव्हर व इतर वूड, मध्यम पल्ल्यासाठी हायब्रिड व आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी वेज, आणि हिरवळीवर चेंडू भोकात लोटण्यासाठी पटर, अशी त्यांची स्थूल विभागणी होते.

प्रत्येक क्लबचे तीन भाग असतात. हातात धरावयाची मूठ म्हणजे ग्रिप. मधला दांडा म्हणजे शाफ्ट. आणि चेंडूवर आदळणारा खालचा भाग म्हणजे हेड. हेडचा दर्शनी पृष्ठभाग उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलेला असतो त्या कोनास लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारणतः ९ ते १२ अंश, तर वेजचा ४५ अंशांहून अधिक असतो. हेडचा तळ जमिनीवर सपाट टेकवला असता शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो त्यास लाय म्हणतात. आयर्न क्लबमध्ये तो ६० अंशांच्या आसपास असतो.

दांड्याचा इतिहास उद्बोधक आहे. पूर्वी शाफ्ट हिकरी या लाकडाचे असत. अमेरिकेत १९२४ साली व ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी शाफ्टला नियमांची मान्यता मिळाली. १९७० च्या दशकापासून हलके ग्रॅफाइट शाफ्ट प्रचारात आले. हेडच्या रचनेत कार्स्टन सोलहाइम या अभियंत्याचे कार्य महत्त्वाचे आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या सोलहाइम यांनी १९५९ साली स्वतःसाठी एक पटर तयार केला. हेडचे वजन मध्यभागी न ठेवता त्यांनी ते दोन्ही कडांना विभागले. चेंडू जरा बाजूला लागला तरी असा क्लब हातात कमी वळतो. चेंडूवर आदळताना त्यातून निघणाऱ्या ध्वनीवरून त्यास 'पिंग' हे नाव मिळाले, आणि पुढे त्याच नावाने त्यांचा उद्योग उभा राहिला.

५. टकरीचे भौतिकशास्त्र

क्लबचे हेड आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. इतक्या अल्प काळात हातांनी दिलेली कोणतीही सुधारणा चेंडूपर्यंत पोहोचत नाही. स्पर्शाच्या क्षणी हेडचा वेग, त्याची दिशा, पृष्ठभागाचा कल आणि चेंडू पृष्ठभागावर कोठे लागला, या चार गोष्टींनी फटक्याचे भवितव्य ठरते. शाफ्ट, लांबी व ग्रिप यांचे कार्य हेडला त्या क्षणापर्यंत योग्य स्थितीत आणून पोहोचविण्याचे आहे.

चेंडूचा वेग काढण्यासाठी पदवी स्तरावरील यंत्रशास्त्रातील साधे सूत्र पुरेसे आहे. हेडच्या वेगास, एक अधिक प्रत्यास्थता गुणांक या संख्येने गुणावे आणि एक अधिक चेंडू व हेड यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर या संख्येने भागावे. नियमानुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसते. ड्रायव्हरचे हेड सुमारे २०० ग्रॅम असते. प्रत्यास्थता गुणांकाची प्रचलित मर्यादा सुमारे ०.८३ आहे. म्हणजे १.८३ भागिले १.२३, अर्थात सुमारे १.४९. हेडचा वेग ताशी १५० कि.मी. असेल तर अगदी मध्यावर लागलेला चेंडू ताशी सुमारे २२३ कि.मी. वेगाने सुटेल.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. समजा, एखाद्याने वेग वाढावा म्हणून लांब दांड्याचा ड्रायव्हर घेतला व त्याच्या हेडचा वेग ताशी १४५ वरून १५० कि.मी. झाला. परंतु लांब दांड्यामुळे चेंडू मध्यावर लागेनासा झाला आणि वरील गुणोत्तर १.४८ वरून १.३८ वर आले. आखूड क्लबने चेंडूला ताशी सुमारे २१५ कि.मी. वेग मिळत होता. लांब क्लबने तो २०७ वर उतरला. हेड अधिक वेगाने फिरूनही चेंडू मंदावला. हौशी खेळाडूच्या दृष्टीने मध्यावर लागणे हे जोरात लागण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, असे यावरून म्हणता येईल.

६. स्विंगशी अनुरूपतेचे निकष

अ) शाफ्टची लवचिकता व वजन : शाफ्ट किती वाकतो त्यानुसार त्याची एल, ए, आर, एस व एक्स अशी वर्गवारी करतात. एल सर्वांत लवचिक, एक्स सर्वांत ताठ. ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी १२० कि.मी.च्या आत असेल तर एल, १२० ते १३७ असेल तर ए, १३७ ते १५३ असेल तर आर, १५३ ते १६९ असेल तर एस व त्यापुढे एक्स, असा ढोबळ संकेत आहे. सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूचा वेग ताशी १५० कि.मी.च्या आसपास असतो, तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिकांचा १८० च्या वर. व्यावसायिकाचा शाफ्ट हौशी खेळाडूस का मानवत नाही, हे या फरकावरून लक्षात यावे. अतिताठ शाफ्टने चेंडू खाली राहतो व उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जाण्याचा कल दिसतो. हातांना हादराही अधिक बसतो. अतिलवचिक शाफ्टने चेंडू उंच व डावीकडे जाण्याचा कल असतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या अक्षरांचे सर्व उत्पादकांना बंधनकारक असे एक प्रमाण नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एस इतका ताठ असू शकतो. म्हणून अक्षर वाचून नव्हे, फटका मारून निर्णय घ्यावा. वजनाचाही विचार हवा. आयर्नचे पोलादी शाफ्ट साधारणतः ९० ते १३० ग्रॅमचे, तर ग्रॅफाइटचे ५० ते ८० ग्रॅमचे असतात. वय, खांद्याची ताकद व सांध्यांचे आरोग्य पाहून यांतून निवड करावी.

आ) लांबी : केवळ उंचीवरून लांबी ठरवू नये. खेळाडूला सपाट जमिनीवर सरळ उभे करून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. दोन समान उंचीच्या व्यक्तींच्या हातांची लांबी भिन्न असू शकते, म्हणून उंची आणि हे अंतर दोन्ही एकत्र विचारात घेतात.

इ) लाय : हा सर्वांत दुर्लक्षित घटक होय. क्लबचा लाय खेळाडूच्या मानाने अधिक उभा असेल तर फटक्याच्या क्षणी हेडचे टोक वर उचलले जाते आणि पृष्ठभाग डावीकडे तोंड करतो. लाय अधिक आडवा असेल तर टाच उचलली जाते व पृष्ठभाग उजवीकडे वळतो. हे विवेचन उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्याने ते उलट घ्यावे. यात चूक किती होते, हेही मोजता येते. दिशेतील विचलन म्हणजे स्थूलमानाने लॉफ्टचा टॅन्जंट गुणिले लायमधील चूक. ३४ अंश लॉफ्टच्या ७ क्रमांकाच्या आयर्नमध्ये लाय ३ अंशांनी चुकला, तर पृष्ठभाग सुमारे २ अंशांनी भलतीकडे पाहतो. १२० मीटर अंतरावर त्याचा अर्थ सुमारे ४ मीटर होतो. खेळाडूचा स्विंग निर्दोष असूनही चेंडू हिरवळीऐवजी वाळूच्या खड्ड्यात जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे. लॉफ्ट जितका अधिक तितकी ही चूक मोठी, म्हणून वेजच्या बाबतीत लाय विशेष काळजीने तपासावा.

ई) लॉफ्ट : हौशी खेळाडूंना कमी लॉफ्टच्या ड्रायव्हरचे आकर्षण असते, कारण तो नामवंतांच्या हाती दिसतो. वस्तुतः वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकण्यासाठी त्यास अधिक उंच कोनात सोडावा लागतो, म्हणजे अधिक लॉफ्ट लागतो. आयर्न घेताना आणखी एक दक्षता हवी. क्लबवर कोरलेला क्रमांक म्हणजे माप नव्हे. पूर्वीच्या ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ ते ३६ अंश असे. आज अनेक संचांत तो ३० अंश किंवा त्याहून कमी असतो. नव्या क्लबने चेंडू लांब गेला म्हणून आपण सुधारलो, असा समज त्यामुळे होऊ शकतो. खरे पाहता केवळ क्रमांक बदललेला असतो. लगतच्या दोन क्लबांच्या पल्ल्यांत पुरेसे व सारखे अंतर राहते काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

उ) ग्रिपची जाडी : डाव्या हाताने मूठ धरल्यावर मधले बोट व अनामिका यांची टोके तळव्याच्या गादीला अलगद टेकावीत, असा जुना संकेत आहे. बोटे तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, पोहोचली नाहीत तर जाड समजावी. जाड ग्रिपने मनगटाची हालचाल मंदावते असे मानले जाते; या परिणामाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र पकड सैल पडण्याच्या भीतीने खेळाडू मूठ आवळून धरत असेल तर कोपर व मनगट यांवर ताण येतो, हे सहज समजण्यासारखे आहे.

ऊ) हेडचा प्रकार : पाठ भरीव असलेल्या पातळ हेडमध्ये कुशल खेळाडूला फटक्यावर बारीक नियंत्रण मिळते, पण चूक क्षमा होत नाही. पाठीमागे पोकळी ठेवून वजन कडांना विभागलेले हेड जडत्वाघूर्ण अधिक असल्यामुळे कमी वळते. ज्याचा चेंडू दर वेळी मध्यावर लागत नाही त्याने दुसरा प्रकार निवडणे इष्ट होय.

७. निवडीची पद्धत

आज मोठ्या शहरांतील काही सरावकेंद्रांत रडार अथवा कॅमेऱ्यावर आधारित यंत्रांनी हेडचा वेग, चेंडूचा वेग, सुटण्याचा कोन व फिरकी मोजता येते. अशी सोय असल्यास तिचा लाभ अवश्य घ्यावा. सोय नसेल तरी पुढील क्रमाने बरेच काम साधते.

१) प्रथम उंची व मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून लांबीचा अंदाज घ्यावा.
२) ७ क्रमांकाच्या आयर्नच्या तळाला चिकटपट्टी लावून कडक फळीवरून काही फटके मारावेत. पट्टीवरील ओरखडा मध्यभागी उमटला तर लाय योग्य. टाचेकडे उमटला तर लाय अधिक उभा. टोकाकडे उमटला तर अधिक आडवा.
३) हेडच्या दर्शनी भागावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी लावून चेंडू कोठे लागतो ते पाहावे. १० ते १५ फटक्यांचे ठसे एका ठिकाणी येतात की विखुरतात, यावरून लांबी व वजन मानवते काय ते कळते.
४) प्रत्येक पर्यायाचे सर्वांत चांगले एक-दोन फटके न पाहता सर्व फटक्यांची सरासरी व विखुरण पाहावे. सांख्यिकीच्या प्राध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको.
५) दमलेल्या अवस्थेतही एकदा चाचणी घ्यावी, कारण फेरीच्या अखेरीस खेळाडू दमलेलाच असतो.
६) एका वेळी एकच घटक बदलावा, अन्यथा सुधारणा कशामुळे झाली ते समजत नाही.

नवा संच घेण्याची ऐपत सर्वांची नसते. नामांकित बनावटीच्या पूर्ण संचाची किंमत तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या अनेक महिन्यांच्या मानधनाइतकी भरते. म्हणून जुन्या क्लबांत दुरुस्ती करून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. ग्रिप बदलता येते, शाफ्ट कापता किंवा बदलता येतो, आणि घडीव पोलादी हेडचा लाय कारागिराकडून काही अंशांनी वाकवून घेता येतो. ओतीव हेड मात्र वाकविताना तडकण्याचा धोका असतो. मुलांसाठी प्रौढांचे क्लब नुसते कापून देण्याची प्रथा टाळावी. दांडा कापल्याने तो अधिक ताठ होतो व हेडचे वजन तेवढेच राहते. परिणामी मुलास तो क्लब लोखंडी गजासारखा वाटतो.

८. एक स्वानुभव

एम.फिल.च्या अभ्यासकाळात पुण्यात वास्तव्यास असताना प्रस्तुत लेखकाने एका सरावमैदानावर गोल्फ शिकण्यास प्रारंभ केला. एका निवृत्त गृहस्थांकडून वापरलेला आयर्नचा संच स्वस्तात मिळाला. ते गृहस्थ सहा फुटांहून उंच होते. लेखकाची उंची पाच फूट पाच इंच. शाफ्ट पोलादी व ताठ होते, हे त्या वेळी कळण्याचे कारण नव्हते. पहिल्या आठवड्यापासून चेंडू डावीकडे जाऊ लागला. तेव्हा शिकविणाऱ्यांनी मनगट रोखून धरण्यास सांगितले. ते साधल्यावर चेंडू कधी सरळ, कधी भलताच उजवीकडे जाई. चार महिन्यांनी उजव्या कोपराच्या आतील बाजूस दुखू लागले आणि चहाचा कप उचलतानाही कळ येऊ लागली. "तुमच्या हालचालीत लयच नाही," असा शेरा मिळाला आणि लेखकाने तो खरा मानला. शारीरिक शिक्षणाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही साधनावर संशय घेण्याचे सुचले नाही.

पुढे त्याच मैदानावर क्लब दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराने सहज चिकटपट्टी लावून पाहिली. ओरखडा थेट टाचेवर उमटला. क्लब सुमारे ३ अंशांनी अधिक उभा होता. कारागिराने दांडे अर्ध्या इंचाने कापले, लाय २ अंशांनी आडवा केला आणि ग्रिप बदलली. आखूड दांड्यामुळे हात खाली येतात व साधारण आणखी एका अंशाचा फरक पडतो, असे त्याने समजावून सांगितले. यास एका जेवणाच्या खर्चाहून थोडे अधिक पैसे लागले. कोपराला विश्रांती देऊन दोन महिन्यांनी पुन्हा खेळल्यावर चेंडू सरळ जाऊ लागला. मनगट रोखण्याची लागलेली सवय मोडण्यास मात्र वर्ष लागले. चुकीचे साधन एक चूक करवून थांबत नाही. ती चूक झाकण्यासाठी ते शरीराला दुसरी चूक शिकविते, असा त्याचा अर्थ आहे.

९. एक आक्षेप व त्याचे उत्तर

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जातो की, हौशी खेळाडूचा स्विंग मुळात स्थिर नसतो. मग अस्थिर स्विंगला क्लब जुळवून काय उपयोग? आधी शिकावे, मग साधन बदलावे. या आक्षेपात तथ्य आहे. रोज बदलणाऱ्या स्विंगच्या आधारे लवचिकता अथवा लॉफ्ट सूक्ष्मपणे ठरविणे व्यर्थ होय. तथापि, उंची, हातांची लांबी, पंजाचे माप व स्नायूंची ताकद या गोष्टी शिकण्याने पालटत नाहीत. म्हणून लांबी, ग्रिप, वजन आणि लायचा ढोबळ मेळ आरंभीच घालावा. लवचिकता, लॉफ्ट व हेडचा प्रकार यांचा सूक्ष्म विचार स्विंग स्थिरावल्यावर करावा. शिक्षण व साधन यांत आधी कोण, असा वाद न घालता कोणता घटक केव्हा, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

१०. क्रीडाशिक्षणाशी संबंध

शरीराप्रमाणे साधन हे तत्त्व मैदानी स्पर्धांच्या नियमांनी केव्हाच स्वीकारले आहे. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, महिलांचा ६०० ग्रॅमचा. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा असतो. परंतु नियमांनी सक्ती केली नाही तेथे आपण हे तत्त्व विसरतो. अनेक महाविद्यालयांत क्रिकेटच्या बॅट एकगठ्ठा, एकाच मापाच्या खरेदी होतात. कारण दरपत्रके मागविणे व लेखापरीक्षण या दृष्टीने ते सोयीचे असते. खेळाडू मात्र एका मापाचे नसतात.

येथे एक कबुली देणे लेखकास आवश्यक वाटते. अध्यापनाच्या पहिल्या वर्षी क्रिकेटच्या सरावास येणाऱ्या एका विद्यार्थिनीची बॅट दर वेळी उशिरा खाली येत असे. "तुझे मनगट फलंदाजीचे नाही, गोलंदाजी कर," असे लेखकाने तिला सांगितले. ती काही दिवस आली, नंतर यायची थांबली. साहित्यकक्षात सर्व बॅट पूर्ण मापाच्या होत्या. तिच्या उंचीस हॅरो मापाची बॅट हवी होती. ज्याने स्वतः "लय नाही" हा शेरा ऐकून चार महिने कोपर दुखविला, त्यानेच तसाच शेरा दुसऱ्याला दिला. पुढील वर्षी दोन वेगळ्या मापांच्या हलक्या बॅट खरेदी यादीत समाविष्ट केल्या. त्यांचा उपयोग इतर मुलींनी केला. तिला त्यांचा उपयोग झाला नाही.

११. निष्कर्ष

१) फटक्याचे फलित अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या स्पर्शात ठरते, म्हणून हेडला त्या क्षणी योग्य स्थितीत आणणारा क्लब हाच योग्य क्लब होय.
२) हौशी खेळाडूस वेगापेक्षा चेंडू मध्यावर लागणे अधिक लाभदायक आहे.
३) शाफ्टवरील अक्षरे व क्लबवरील क्रमांक ही प्रमाणित मापे नव्हेत, प्रत्यक्ष चाचणीस पर्याय नाही.
४) लाय व लांबी यांची तपासणी अल्प खर्चात होऊ शकते आणि ती प्रथम करावी.
५) लांबी, वजन व ग्रिप यांचा मेळ शिकण्याच्या आरंभी, तर लवचिकता व लॉफ्ट यांचा सूक्ष्म मेळ स्विंग स्थिरावल्यावर घालावा.
६) महाविद्यालयांनी क्रीडासाहित्य खरेदी करण्यापूर्वी खेळाडूंची उंची व हातांची मापे नोंदवून घ्यावीत आणि किमान दोन मापांचे साहित्य ठेवावे.

१२. समारोप

गोल्फचे मैदान आपल्या परिसरात उद्या होईलच असे नाही, आणि त्यासाठी थांबण्याची गरजही नाही. बॅट, रॅकेट, हॉकीची काठी, भाला या प्रत्येकास वरील विचार लागू पडतो. एखादा विद्यार्थी पुन्हा पुन्हा चुकत असेल तर त्याच्या कुवतीविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या हातातील साधन एकदा मोजून पाहावे. त्यास एक टेप, थोडी चिकटपट्टी व दहा मिनिटे लागतात. दांडा कोणासाठी हवा, हा सुताराचा प्रश्न आपण क्रीडाशिक्षकांनीही विचारावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.